बापाचं नाव नसलेली बातमी

"पमे, आपल्या गावाचं नाव आलंय पेपरात!" रेखा ओरडली.

एसटी नुकतीच धूळ उडवत पुढं गेली होती. कंडक्टरने खिडकीतून फेकलेला पेपर रेखाने झेलला होता आणि मी फळा पुसून, खडू घेऊन तयार उभी होते. आमच्या आंबेशेताचं नाव पेपरात येणं म्हणजे काय साधी गोष्ट होती? नदीवरच्या लाकडी साकवाच्या जागी पूल बांधून देतो म्हणून किती जण सांगून गेले होते. मला वाटलं, पूल मंजूर झाला.

"वाच ना मग मोठ्यानं. तोंडात गूळ आहे का?"

रेखा वाचायला लागली आणि मध्येच गप्प झाली. तिने पेपर माझ्यापुढे धरला. "तूच वाच," म्हणाली.

मुंबईजवळच्या एका रासायनिक कारखान्यात परवा स्फोट झाला होता. तीन कामगार ठार, काही जखमी. ठार झालेल्यांची नावं शेवटच्या ओळीत होती आणि त्यात एक नाव होतं, शांताराम गोताड, मूळ गाव आंबेशेत, जिल्हा रत्नागिरी.

शांताराम गोताड हा माझा भाऊ. माझा सख्खा, थोरला, एकुलता एक भाऊ.

 मी फळ्याला पाठ लावून खाली बसले आणि पुन्हा वाचलं. मग एकदम डोक्यात आलं, अगो, हा दुसरा शांताराम पण असेल!

हे जरा समजावून सांगायला हवं. आमची गोताडवाडी. तिथं झाडून सगळे गोताड, त्यामुळं वाडीत आडनावाला काडीची किंमत नव्हती. माणूस ओळखायचा तो बापावरून. माझा भाऊ बाबूचा शांताराम. आणि आमच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या पार्वतीकाकीचा मुलगा धोंडूचा शांताराम. दोघं एकाच पावसाळ्यात जन्मलेले, एकाच वर्गात नापास झालेले. मुंबईला आमच्या गावकीची एक खोली होती, गावचे सगळे बाप्ये तिथंच राहायचे. दादा आधी त्या कारखान्यात चिकटला आणि मग त्याने साहेबाच्या हातापाया पडून धोंडूच्या शांतारामला आपल्याच खात्यात घेतलं. सगळ्या गावाने तेव्हा दादाचं कौतुक केलं होतं.

पेपरात बापाचं नाव नव्हतं. मुंबईतल्या बातमीदाराला काय ठाऊक, की आमच्याकडं बापाच्या नावाशिवाय माणूसच पुरा होत नाही!

रेखा धावत जाऊन मुकादम सरांना घेऊन आली. आमच्या हायस्कुलात मराठी शिकवायचे ते. एसटीच्या थांब्यावरचा हा बातम्यांचा फळा त्यांनीच उभा केला होता, आणि तो लिहायचं काम आम्हा नववीच्या पोरांकडं दिलं होतं. गावात पेपर एकच यायचा, तोही शाळेच्या नावाने, दुपारच्या गाडीने. आधी आम्हाला त्याचं काही नव्हतं. पेपर म्हणजे सुकटीचा पुडा बांधायचा कागद. सरांनी मात्र पिच्छा सोडला नाही. रोज एकाला उभं करायचे, "आज जगात काय झालं, सांग." सांगता नाही आलं की रागावायचे नाहीत. "म्हणजे तुझ्याशिवायच झालं म्हण की," एवढंच बोलायचे. ते फार लागायचं. मग वाचायला लागलो, मग वाचल्याशिवाय करमेना. फळ्यासाठी गावातल्या बातम्याही आम्हीच आणायचो. कुणाची म्हैस हरवली, दवाखान्यात डॉक्टर कधी येणार, रेशनवर साखर आली की नाही. आणि बातमी लिहून नेली की सरांची उलटतपासणी सुरू. कुणी सांगितलं? त्याने स्वतः पाहिलं का? दुसऱ्या कुणाला विचारलंस? त्यांचा एक नियम मात्र सगळ्यांच्या वरचा होता. ज्याची बातमी, त्याला आधी. फळ्यावर वाचून कुणाला आपल्या घरातलं कळता कामा नये.

सरांनी उभ्याउभ्याच बातमी वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

"वडिलांचं नाव नाही," ते म्हणाले.

"नाही."

"प्रमिला, तू घरी जा. आजचा फळा रेखा लिहील."

"घरी जाऊन काय सांगू, सर?"

सरांनी पेपर पुन्हा डोळ्यांजवळ नेला. 

तेवढ्यात वाडीचे प्रमुख, सखाराम गावकार आले. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं असणार. वाडीतला कुणी मुंबईला गेला, म्हणजे वारला, तर ती खबर गावकारानेच त्याच्या घरी न्यायची, ही आमच्याकडची रीत. त्यांनी आजवर कितीक घरांत अशा खबरा नेल्या असतील. पण त्या दिवशी ते माझ्याकडं बघेचनात.

"मास्तर, तो पेपर घडी घाला नि ठेवा खिशात," ते म्हणाले. "तार येईस्तोवर कुणी काय बोलायचा नाय. खबर मीच न्हेतो, ती माजीच जोखीम. पण कंच्या घरात न्हेऊ? सांगा तुमी. दोन घरांत रडारड कशाला?"

सर म्हणाले, "गावकार, फळा कोरा राहिला तर लोक विचारतील."

"मग लिवा कायतरी. साखर आली म्हनून लिवा."

"साखर आलेली नाही," सर म्हणाले.

मला त्या क्षणी दोघांचाही भयंकर राग आला. एकाला रीत मोडवत नव्हती आणि दुसऱ्याला खोटं लिहवत नव्हतं, आणि माझा भाऊ जिवंत होता की मेला होता ते कुणालाच माहीत नव्हतं. मी उठले. म्हटलं, "सर, तुम्हीच सांगता ना, ज्याची बातमी त्याला आधी? मग ही दोघींची बातमी आहे. मी दोघींना सांगते."

"पोरी, नसती आग लावशील," गावकार म्हणाले.

"मला कळलंय ते कळलंय, गावकार. आता मी आईपुढं तोंड शिवून कशी बसू? आणि काकीनं उद्या विचारलं, तुला कालच ठाऊक होतं ना, तर?"

गावकार हातातली काठी नुसती जमिनीवर घासत राहिले. मग म्हणाले, "चल. मी येतो. रीतच हाय ती."

असे आम्ही तिघं वाडीकडं निघालो, गावकार पुढं, मागं सर आणि मधे मी, पेपर छातीशी धरून. फळा कोराच राहिला. सर जाता जाता रेखाला म्हणाले, "कुणी विचारलं तर सांग, बातमी आहे, पण पुरी नाही."

भाजावळीचे, म्हणजे वाफ्यांवर पाला पसरून जाळायचे दिवस होते. बायका रानातून वाळक्या पातेऱ्याचे भारे आणून टाकत होत्या. आई आणि पार्वतीकाकी आमच्याच अंगणात होत्या, डोक्यावरचे भारे नुकतेच उतरवून पाणी पीत. काकीच्या केसांत पाला अडकला होता. काकी म्हणजे धोंडूकाकांच्या मागं एकटीने मुलगा वाढवलेली बाई. जीभ माझ्याहून तिखट, पण मला शाळेत पाठवायला आई कुरकुरत होती तेव्हा हीच आईला ओरडली होती.

गावकारांना बघितलं आणि दोघींच्या हातातले तांबे खाली गेले. गावकार त्या वेळी, तसे चालत, एकाच कामासाठी यायचे.

"कंच्या घरला?" आईने विचारलं.

गावकार मागं, माझ्याकडं वळले. मग मीच पेपर उघडला आणि वाचलं. सरांनी शिकवलं होतं तसं, सावकाश, एकेक शब्द सुटा. नावही तसंच वाचलं.

आई माझ्या अंगावर धावून आली. "तोंड फोडीन तुजा! पेपरवाली झालीस मोठी! माज्या पोराचा मरान वाचतेस?" तिने पेपर ओढला, तो अर्धा फाटला. सर मध्ये पडले नसते तर मला मार बसला असता.

काकी मात्र जागची हलली नव्हती. "थांब गो," ती आईला म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "कंचा शांताराम?"

"तेच दिलेलं नाही, काकी."

"बापाचा नाव?"

"नाही दिलेलं."

"परत वाच."

मी फाटलेला पेपर जुळवून पुन्हा वाचलं. तिने आणखी एकदा वाचायला लावलं. वाचून वाचून जणू त्या ओळीतून बापाचं नाव बाहेर पडणार होतं.

बाबा शेतावरून आले. संध्याकाळच्या गाडीने ते आणि गावकार तालुक्याला गेले, मुंबईला फोन लागतो का बघायला. सर रात्रभर वाडीतच थांबतो म्हणाले, पण गावकारांनी त्यांना घरी पाठवलं.

पार्वतीकाकी आपल्या घरी गेलीच नाही. आमच्या ओटीवर बसली, आईच्या शेजारी, आणि आईनेही तिला जा म्हटलं नाही. वाडीतली माणसं येत होती आणि काय बोलावं ते न सुचून बसत होती. सांत्वन करायचं तर कुणाचं? एकीला धीर द्यावा तर तो दुसरीच्या काळजात सुरी लावल्यासारखा होणार. दोघीही एकमेकींकडं बघत नव्हत्या. खांद्याला खांदा लागलेला, आणि नजरा दोन बाजूंना.

मयत झालं की आमच्या वाडीत कुणाच्याच घरी चूल पेटत नाही. त्या दिवशीही कुणी पेटवली नव्हती. वाडीतली बारकी पोरं भुकेने किरकिरायला लागली. तेव्हा काकी उठली, आमच्या स्वयंपाकघरात गेली, आणि चुलीत लाकडं सारली.

"काकी, चूल?" मी म्हटलं.

"तार आली नाय अजून," ती म्हणाली. "तवर दोगं पन जित्ते हाईत. पोरांना पेज घाल."

मी पेज वाढली. पोरं जेवली. दोघींनी मात्र पाण्याचा घोटही घेतला नाही.

रात्र कशी गेली ते मी सांगत नाही. तुम्हाला ज्याची कुणाची वाट बघावी लागली असेल, ती रात्र आठवा.

सकाळी चांगलं ऊन आलं होतं. खापरे पोस्टमन पायवाटेने चढून येताना मला ओटीवरूनच दिसले. आमच्या घराच्या जरा खाली ती वाट फुटते, एक आमच्याकडं, एक काकीच्या घराकडं. पण दोन्ही आया एकाच ओटीवर बसलेल्या होत्या, त्यामुळं त्यांच्या वळण्यावरून कुणाला काही ओळखता आलं नाही. ते सरळ आमच्या अंगणात आले. बाबा आणि गावकार तालुक्याहून अजून परतले नव्हते. त्यांनी तार माझ्या हातात दिली, सहीसाठी पेन्सिल दिली, आणि अंगणाच्या कडेला जाऊन टोपी काढून उभे राहिले.

आई म्हणाली, "वाच."

तार देवनागरीत होती. मुंबईच्या खोलीतल्या आमच्याच माणसांनी केलेली, त्यामुळं वाडीतल्या बोलण्यासारखीच. मी ती मनात आधी वाचायची नाही असं ठरवलं होतं. ज्यांची बातमी, त्यांना आधी. म्हणून डोळ्यांना पहिला शब्द दिसला तोच तोंडातून बाहेर आला.

"धोंडूचा शांताराम गेला. बाबूचा दवाखान्यात. जिवाला धोका नाही. माणसं निघाली."

"माजा नाय!" आई ओरडली. दोन्ही हात जोडून, कपाळाला लावून, अगदी मोठ्याने. "देवा, माजा नाय रे! माजा नाय!"

सगळ्या वाडीने ते ऐकलं.

आईला कळायला वेळ लागला. मग तिचे जोडलेले हात तसेच राहिले, तोंड उघडं राहिलं. तिला शेजारी बघवेना. मला आईची लाज वाटली असं मी म्हणणार नाही. आई तोंडाने म्हणाली ते मी मनात म्हणत होते, आदल्या दुपारपासून म्हणत होते. दुसरा असू दे. देवा, दुसरा असू दे.

पार्वतीकाकी समोर बघत होती. रडत नव्हती. मग म्हणाली, "माजा हाय."

बस, एवढंच. कुणी विचारल्यावर पोराला आपलं म्हणून सांगावं तशी म्हणाली.

आई तिच्या पायांशी कोसळली. "पारू, माजी जीभ झडो. पारू, माजी जीभ झडो गो," असं म्हणत कपाळ आपटायला लागली. काकीने तिला दोन्ही हातांनी धरून वर ओढलं. म्हणाली, "असा नको म्हनूस. तुजा र्‍हवला तो बरा झाला. दोगंबी ग्येली असती तर रडायला कोन असता माज्यासंगं?" आणि मग मात्र तिने हंबरडा फोडला. तो आवाज अजून माझ्या कानांत आहे. वाडीतल्या सगळ्या बायका धावल्या.

मी पुढं पत्रकार झाले. जिल्ह्याच्या पेपरात नोकरी केली, आता स्वतःचं साप्ताहिक काढते. शाळा-कॉलेजची पोरं माझ्याकडं शिकायला येतात. अपघाताची बातमी आली की माझ्या कचेरीत सगळ्यात आधी विचारलं जातं, "आपल्याकडचं कुणी आहे का?" पोरं नावं तपासतात आणि "नाही, कुणी नाही" म्हणून सुस्कारा सोडतात. मी त्यांना रागावत नाही. फक्त म्हणते, आता गेलेल्यांच्या बापांची नावं शोधून आणा. पोरं कंटाळतात. शहरात कोण विचारतं बापाचं नाव, असं म्हणतात. आणा म्हणते मी, गपचूप.

तेव्हा, मुंबईहून माणसं येऊन गेल्यावर, दिवसकार्य व्हायच्या आतच, काकी एका दुपारी फळ्याजवळ आली. अशा दिवसांत बाईने घराबाहेर पडायचं नसतं, पण तिला अडवायची कुणाची छाती नव्हती. मी आणि सर तिथं होतो. शाळेतर्फे आम्ही पेपरला पत्र पाठवलं होतं, पुरं नाव छापा म्हणून. त्याचं उत्तर आलं नव्हतं.

"मास्तर," काकी म्हणाली, "त्या पेपरात माज्या पोराला बाप नव्हता. बाप त्याचा कवाच ग्येला, नावच तेवढा र्‍हवला होता. ता पन त्यांनी गाळला."

सर म्हणाले, "चूक झाली त्यांची, काकी."

"मग तुमी लिवा. ही पोर लिवंल."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी फळा पुसला. त्या दिवशी पेपरात काय काय आलं होतं ते सगळं राहू दिलं. खडू घेतला आणि वर, मोठ्या अक्षरांत लिहिलं, शांताराम धोंडू गोताड. खाली गाव, वाडी, कारखान्यात कामाला असताना गेला, आई पार्वती. सरांनी एकही शब्द खोडला नाही.

काकीला वाचता येत नव्हतं. ती फळ्याच्या अगदी जवळ गेली. "ह्यात त्याच्या बापाचा नाव कंचा?"

मी बोट ठेवून दाखवलं. तिने माझ्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं आणि अक्षरांवरून हळूहळू फिरवलं. खडूचं अक्षर हात लागला की पुसलं जातंच. तिचं बोट पांढरं झालं आणि धोंडू हे नाव अर्धं फिकट झालं. ती घाबरून मागं सरकली.

"ग्येला गो," ती म्हणाली.

"नाही काकी," मी म्हटलं. "परत लिहिते."

मी परत लिहिलं. तिने पुन्हा हात लावला. मी परत लिहिलं. थांब्यावर लोक जमले होते, गाडी येऊन उभी राहिली होती, कंडक्टर पेपर हातात धरून खाली उतरला होता. कुणीच तो घ्यायला पुढं गेलं नाही.